धोंडीचा बेडूक

मृग कोरडाच चालला होता. मोहल्ल्यातल्या पोरांनी धोंडी काढली. आपल्या वऱ्हाडात हे नवे नाही. काठीला कडूलिंबाचा पाला, त्यात बांधलेला बेडूक. घरोघरी त्यावर पाणी ओतायचे आणि पसाभर धान्य द्यायचे. चांदूर बाजारच्या आमच्या गल्लीतही आली. आम्ही लोटाभर पाणी ओतले, बेडकाकडे पाहिलेसुद्धा नाही.

संध्याकाळी धाकटा रुमालात तोच बेडूक घेऊन आला. मागच्या पायात सुतळी रुतून कातडी सोलली होती. "गाठ मीच मारली होती," एवढेच बोलला. रागावण्याचे राहून गेले.

अम्मी हळदीचा डबा घेऊन आल्या. आमच्याकडे कशावरही आधी हळद! ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला म्हणून बरे. ते म्हणाले, हळद, मीठ, जंतुनाशक काही नको. बेडूक कातडीनेच पाणी घेतो, थोडा श्वासही तिच्यातूनच. वर लावलेले सगळे आत जाते. नळाचे क्लोरीनचे पाणीही नको. मग विहिरीचे आणले. जुन्या टबात ओली माती, पालथे फुटके मडके, वर मच्छरदाणीचा तुकडा. उचलायचे तर आधी हात ओले करून.

तीन दिवस काही खाईना. धाकट्याने पोळीचे तुकडे टाकले, मेलेल्या माश्या टाकल्या. बेडूक हलणारेच भक्ष्य टिपतो, हे आम्हा मास्तरलोकांना चौथ्या दिवशी आठवले. गांडूळ सोडले, ते वळवळले आणि एका झेपेत गडप.

त्या रात्री अम्मींनी सांगितले, औषधात बेडूक वापरण्याबद्दल एका वैद्याने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो मारायला मनाई केली, अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे.

"पण मी मारला नाही, फक्त बांधला," धाकटा म्हणाला. मग स्वतःच गप्प झाला. मांजर बांधून उपाशी ठेवणाऱ्या बाईची हदीस त्याची मदरशात पाठ झालेली. आम्हीही काही बोललो नाही. लोटा आमचाच होता.

पुढे तो "पाळू या" म्हणून मागे लागला. रानातला जीव, बरा झाला की सोडा, असे डॉक्टरांनी बजावले होते. नवव्या दिवशी पाऊस आला. इशानंतर टब सायकलवर घेऊन संत्र्याच्या बागेतल्या पाटाकडे गेलो. जरा लंगडत, पण पाण्यात गेला.

चहूकडे डराव-डराव चालले होते. त्यातला आपला कोणता, हे धाकटा घरी येईपर्यंत विचारत होता.