नाताळ, नववर्ष आणि फ्रेंच भेटवस्तू: कोणाला काय द्यावं?



या वेळचा विषय बघून तुम्हाला वाटेल, डॉक्टर भरकटले. डेंगी, थायरॉइड, गुडघेदुखी सोडून भेटवस्तू? पण जानेवारीत माझ्याकडे येणारे रिपोर्ट पाहिले, तर विषय तितका लांबचा नाही. परदेशातून आलेली चॉकलेटं, तेलं, मीठ, बाटल्या ज्याच्या हातात पडणार त्याची शुगर किती, किडनी कशी, गोळ्या कोणत्या चालू, याचा विचार दुकानात उभं असताना सहसा कोणी करत नाही. मी करतो. धंद्याची खोड.

गेल्या डिसेंबरात मी आणि सौ. मुलीकडे लियोंला होतो. परतताना सतरा जणांसाठी काहीतरी घ्यायचं होतं आणि जवळजवळ प्रत्येकाची फाइल मला पाठ होती. सौ. दुकानात म्हणाली, "तुम्ही प्रिस्क्रिप्शन लिहिताय की खरेदी करताय?" दोन्ही चाललं होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता तिकडे शिकतात, काहींच्या सहलींत पॅरिस असतंच, म्हणून हा अनुभव तुमच्यासाठी.

फ्रान्समध्ये वर्षअखेरीला देण्याघेण्याची जुनी पद्धत आहे. नवीन वर्षाच्या भेटीला ते 'एत्रेन' म्हणतात. पोस्टमन कॅलेंडर घेऊन दारात येतो, अग्निशमन दलाचे लोक येतात, आणि घरटी काहीतरी रक्कम दिली जाते. म्हणजे आपली दिवाळीची पोस्तच.

सुरुवात मिठापासून करतो, कारण सगळ्यात आधी आमचा वाद तिथेच झाला. पश्चिम किनाऱ्यावर गेरांद नावाचं गाव आहे. तिथल्या मिठागरांत पाण्यावर जमणारी पातळ साय हाताने अलगद काढतात. हे 'फ्लर द सेल', म्हणजे मिठाचं फूल. दिसायला सुंदर, डबी सुबक, किंमत आपल्या मिठाच्या कितीतरी पट. लोक असं धरून चालतात की नैसर्गिक आहे म्हणजे बीपीला चालेल. चालत नाही. तेही सोडियम क्लोराइडच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, मग ते कुठल्याही समुद्राचं असो. शिवाय आपल्या पिशवीतल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, या मिठात ते वेगळं घातलेलं नसतं. रोजच्या स्वयंपाकाचं मीठ बदलून हे वापरायला लागलात, तर आयोडीनचा एक चांगला मार्ग बंद होईल. बीपीवाल्या माणसासाठी त्याच फळीवरची दुसरी बरणी उचला: 'एर्ब द प्रोव्हान्स'. रोझमेरी, थाइम, ओरेगानो आणि सॅव्हरी नावाची एक झुडपाची पाने, सगळं वाळवून एकत्र केलेलं. लेबलवर मीठ नाही ना, एवढं बघा. बटाट्याच्या काचऱ्यांवर चिमूटभर टाकलं की मीठ कमी पडल्याचं जाणवत नाही, हा आमच्या घरचा अनुभव.

आता गोड. डिसेंबरात तिथे 'मारों ग्लासे' सगळीकडे दिसतात. आख्खे चेस्टनट अनेक दिवस साखरेच्या पाकात मुरवतात आणि वर पुन्हा साखरेचा थर चढवतात. मधुमेही माणसाला हे देणं म्हणजे त्याला कात्रीत पकडणं. खाल्लं तर शुगर, नाही खाल्लं तर तुम्ही नाराज. पण 'शुगर-फ्री' चॉकलेटही नको. त्यात बहुधा माल्टिटॉल असतं. ते शुगर थोडी वाढवतंच, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडवतं. माझं मत असं, की मधुमेही माणसाला वेगळं काढून 'तुझ्यासाठी खास बिनसाखरेचं' देऊ नये. ७० टक्के कोकोच्या काळ्या चॉकलेटची सगळ्यात छोटी वडी द्या, जी चार जणांत एका बैठकीत संपेल. मोठा डबा फ्रिजमध्ये राहतो आणि रात्री अकरा वाजता हाक मारतो.

किडनीच्या रुग्णाला मात्र काळं चॉकलेट, सुकामेवा, बदामाच्या मिठाया टाळा. त्यात पोटॅशियम बरंच असतं. डायलिसिसवर असलेल्या आमच्या एका स्नेह्यांसाठी मी 'आनी द फ्लाव्हिन्यी'ची छोटी पत्र्याची डबी घेतली. बरगंडीतल्या फ्लाव्हिन्यी गावातल्या जुन्या मठात या गोळ्या बनतात. आत बडीशेपेच्या जातीचा एक दाणा आणि त्यावर पंधरा दिवस थरावर थर चढवलेली साखर. चव तर थेट आपल्या बडीशेपेच्या गोळीची. डायलिसिसवर पाणी मोजून प्यावं लागतं, तोंड सतत कोरडं पडतं. अशी एक गोळी चघळली की लाळ सुटते आणि तहान थोडी लांबते. त्यांना मधुमेह नाही, म्हणून हे जमलं. लहान मुलांच्या हातात मात्र ही डबी देऊ नका, दाणा घशात अडकू शकतो.

तशाच सुंदर डब्यांमध्ये 'रेग्लिस'च्या काळ्या गोळ्याही मिळतात. हे म्हणजे आपलं ज्येष्ठमध. त्यातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीरात सोडियम साठतं, पोटॅशियम निघून जातं, बीपी चढतं. कधीतरी एखादी गोळी खाल्ली तर काही होत नाही. पण रोज डबी खिशात ठेवून चघळणारा माणूस लघवी होण्याच्या किंवा हृदयाच्या गोळ्या घेत असेल, तर पोटॅशियम घसरून ठोके अनियमित होऊ शकतात. घरचं ज्येष्ठमध रोज घेणाऱ्यांनाही हेच लागू आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

माझी भाची तेव्हा सातव्या महिन्यात होती. तिला चीज फार प्रिय, आणि मुलीने तिच्यासाठी रोकफोर आधीच आणून ठेवलं होतं. मेंढीच्या कच्च्या दुधाचं, निळ्या बुरशीचं, रोकफोर गावाजवळच्या डोंगरातल्या गुहांत मुरवलेलं. चीज उत्तम, पण गरोदरपणात नको. कच्च्या दुधाच्या अशा चीजमध्ये लिस्टेरिया नावाचा जंतू असू शकतो. हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो. आईला नुसता ताप आणि अंगदुखी होते, पण बाळ दगावू शकतं. फ्रान्समध्येही गरोदर बायकांना कच्च्या दुधाची चीज टाळायला सांगतात. कोंतेसारखी, बरेच महिने मुरवलेली कडक चीज तेवढी चालतात. रोकफोर आम्ही तिथेच संपवलं.

भाचीसाठी मग लॅव्हेंडरच्या वाळक्या फुलांच्या छोट्या पुरचुंड्या घेतल्या. यामागेही वैद्यकीय कारण होतं. तिच्या सासूबाईंनी बाळासाठी जुनी दुपटी, झबली ट्रंकेतून काढली होती आणि ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. या गोळ्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांत अशा बाळाला गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ इतकी वाढू शकते की मेंदूला इजा होते. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून घ्यायचे आणि बाळाच्या कपाटात डांबरगोळी ठेवायचीच नाही. पुरचुंडीही कपाटाच्या कोपऱ्यात ठेवा, बाळाच्या उशाशी नको.

फुलं ठीक, पण लॅव्हेंडरच्या तेलाच्या बाटलीबद्दल मी इतका उदार नाही. 'अरोमाथेरपी' हा शब्दच फ्रेंच. रने-मॉरिस गातफोसे नावाच्या, लियोंच्याच, रसायनतज्ज्ञाने तो रूढ केला आणि १९३७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वास आवडतो, मन शांत होतं, इथपर्यंत माझी हरकत नाही. पण दम्याच्या माणसाला उग्र वासाने झटका येऊ शकतो. निलगिरीचं किंवा कापूरयुक्त तेल लहान मुलाने थोडं जरी गिळलं, तरी आकडी येऊ शकते. घरात नातवंडं असतील तर बाटली देऊ नका, एवढं साधं धोरण मी ठेवलं आहे.

मार्सेयचा साबण सगळेच आणतात. चौकोनी ठोकळा, त्यावर ७२ टक्के तेलाचा शिक्का. चौदाव्या लुईच्या काळात, १६८८ मध्ये, तो फक्त ऑलिव्हच्या तेलापासून करावा असं फर्मान निघालं होतं. आज त्या नावाने बाजारात काहीही मिळतं, म्हणून घटक वाचून घ्या. खरा साबण रंग-वासाविना असतो, म्हणून ॲलर्जीवाल्यांना बरा. पण तो अल्कलाइन असतो. ज्यांची त्वचा कोरडी, भेगाळलेली किंवा इसब असलेली आहे, त्यांनी त्याने हात धुवू नयेत, कपडे धुवावेत.

आता मुख्य विषय.

माझा एक आतेभाऊ आहे, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. आम्ही फ्रान्सला गेलो तेव्हा त्याने दारू सोडून सहा महिने झाले होते. त्याआधीची वर्षं कशी गेली हे वहिनींना विचारावं. फेब्रुवारीत त्याची साठी होती. व्हॉट्सॲपवर भाचरांचं ठरलं: काका, येताना दादांसाठी कोन्याकची एक छान बाटली आणा, पिऊ देत नाही फार, शोकेसमध्ये ठेवू. एकाने लिहिलं, मग रेड वाइन आणा, ती हार्टला चांगली असते.

ही दुसरी समजूत कुठून आली ते सांगतो. फ्रेंच लोक लोणी, चीज भरपूर खातात तरी त्यांच्यात हृदयविकार कमी, याला 'फ्रेंच पॅराडॉक्स' म्हणतात. १९९१ मध्ये एका अमेरिकन टीव्ही कार्यक्रमात सेर्ज रनो या फ्रेंच संशोधकाने याचं श्रेय रेड वाइनला दिलं आणि अमेरिकेत तिचा खप धडाधड वाढला. गंमत अशी, की त्याच १९९१ मध्ये खुद्द फ्रान्सने दारूच्या जाहिरातींवर कडक बंधनं घालणारा कायदा केला. पुढच्या अभ्यासांत वाइनचं ते श्रेय टिकलं नाही. थोडी पिणारे लोक मुळातच सुखवस्तू आणि निरोगी होते, आणि 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे सोडलेलेही धरले गेले होते. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं सुरक्षित म्हणावं असं प्रमाणच नाही.

आणि शोकेसमधली बाटली ही शोभेची वस्तू नसते. व्यसन सुटलेल्या माणसाच्या मेंदूत त्या आकाराची, रंगाची, वासाची आठवण वर्षानुवर्षं जिवंत असते. बिन-अल्कोहोलची वाइनसुद्धा मी देणार नाही. चव आणि वास तोच, आणि काहींत अर्धा टक्क्यापर्यंत अल्कोहोल असतंही. दादाला डायसल्फिराम चालू होतं. या गोळीवर दारू गेली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळू शकतं. तेवढ्यासाठी चेरीच्या मद्यात भिजवलेली चॉकलेटं चालत नाहीत, आणि दाढीनंतर लावायचं कोलोनही टाळलेलं बरं. फ्रेंच भेट म्हटली की पहिल्या चार गोष्टी ज्या सुचतात, त्यातल्या तीन त्याच्यासाठी बाद.

मी त्याला 'पेतांक'चे गोळे आणले. पोकळ लोखंडी गोळे, प्रत्येकी साधारण ७०० ग्रॅम, आणि एक छोटा लाकडी गोटा. गोटा लांब टाकायचा आणि ज्याचा गोळा त्याच्या जास्त जवळ, त्याचा गुण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मार्सेयजवळच्या ला सिओता गावात हा खेळ जन्मला. झूल लनुआर नावाचा एक जुना खेळाडू संधिवाताने धावू शकेना, म्हणून पाय एका जागी रोवून टाकायचा नियम केला. नावाचा अर्थच 'रोवलेले पाय'. संधिवातामुळे जन्मलेला दुसरा खेळ मला माहीत नाही. (तिकडे खेळताना सोबत पास्तिसचा ग्लास असतो, हे मी दादाला सांगितलं नाही.) गोळे चेक-इनच्या बॅगेत टाकले, वजनाने सौ.च्या दोन साड्या मागे राहिल्या.

दादाची अडचण संध्याकाळी सात ते नऊ ही होती. त्या वेळी हाताला काही काम लागतं आणि जवळ माणसं लागतात. त्यांच्या कॉलनीच्या मैदानात आता रोज पाच-सहा जण जमतात. त्यातल्या दोघांचे गुडघे झिजलेत, एकाला बायपास झालंय. दादाला आता दीड वर्ष होत आलं. गोळ्यांमुळे सोडली असं मी म्हणणार नाही. समुपदेशन, औषध, वहिनींची चिकाटी हे सगळं आहे. पण वहिनी म्हणतात, सात वाजले की ते आता घड्याळाकडे बघतात ते वेगळ्या कारणाने.

आईसाठी लोकरी 'शारांतेझ' सपाता घेतल्या. ऐंशी वर्षांच्या पायांना फरशी गार लागते. घेताना तळवा रबरी आहे ना, टाच झाकते ना, एवढं पाहिलं. नुसत्या नमद्याच्या तळव्याने गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो आणि खुबा मोडतो.

शेवटची भेट एका निवृत्त नर्सबाईंसाठी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत, ग्रामीण रुग्णालयात, मी बाळंतपणं त्यांच्याकडून शिकलो. तेव्हा सोनोग्राफी नव्हती. बाईंच्या हातात ॲल्युमिनियमचा एक कर्णा असायचा, पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायचा. तो कर्णा आदोल्फ पिनार या पॅरिसच्या प्रसूतितज्ज्ञाचा, १८९५ च्या सुमाराचा. लियोंच्या जुन्या बाजारात मला तसाच लाकडी मिळाला, वापरून गुळगुळीत झालेला. बाईंना दिला तेव्हा भाची तिथेच होती. बाईंनी काही न बोलता तिला आडवं केलं, कर्णा लावला, कान टेकवला आणि घड्याळ बघत मिनिटभर मोजलं.

"एकशे चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या. "लिहून ठेवा, डॉक्टर."