अंबाजोगाईचे पारणे

गेल्या कार्तिकात कुलस्वामिनीच्या दर्शनास अंबाजोगाईस जाण्याचा योग आला. बीड सोडून मांजरसुंबा, केज ही गावे मागे टाकीत आमची मोटार बालाघाटाच्या मुलखातून चालली होती. दिवस सीताफळांचे. बीडच्या या फळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. सीतामाईचे नाव मिरविणारे हे फळ मूळचे अमेरिका खंडातले, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी नसते.

योगेश्वरी ही आम्हां कोकणस्थांची कुलदेवता. ठाणे मात्र कोकणापासून इतके दूर! कथा अशी सांगतात की, परळीच्या वैजनाथाशी विवाह ठरून देवी वऱ्हाडासह कोकणातून निघाली. वाटेत मुहूर्त टळला, वऱ्हाडाचे पाषाण झाले आणि देवी येथेच राहिली. परमुलखातून आलेली ही कुमारिका आज या गावाची आई आहे. आमचे थोरले बंधूही नोकरीनिमित्त येथे आले आणि येथलेच झाले. ते आता नाहीत. वहिनी, पुतण्या व सूनबाई असे घर आहे.

त्या घरी उतरलो तो दशमीचा दिवस. पाहतो तो वहिनींचा स्वयंपाक निराळा, पान निराळे. कारण सूनबाईंची एक वही! मेक्सिकोची मक्याची पोळी, इटलीचा पास्ता, अरबांचे हम्मस, अशा देशोदेशींच्या रोजच्या जेवणातल्या कृती तीत लिहिलेल्या. सर्व शाकाहारी आणि गावच्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांत बसविलेल्या. सूनबाई हळूच म्हणाल्या, ‘‘काका, दोन महिने झाले, आई माझ्या हातचा वरणभातसुद्धा घेत नाहीत.’’

दुसऱ्या दिवशी एकादशी. वहिनींनी स्वतः केलेली साबुदाण्याची खिचडी आम्हांस वाढली आणि म्हणाल्या, ‘‘भावजी, हे आपले सोवळ्यातले अन्न. नाहीतर ते परदेशचे खूळ!’’

आमच्यातला मास्तर जागा झाला. ‘‘वहिनी, साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटाही तिकडचाच. हिरवी मिरचीसुद्धा मेक्सिकोकडची. वास्को-द-गामा १४९८ साली कालिकतास उतरला, त्यानंतर ती पोर्तुगिजांबरोबर इकडे आली. कल्याणीच्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात ‘मानसोल्लासा’त नाना पक्वान्ने वर्णिली, त्यांत हिंग-मिरे आहेत, मिरची नाही. फार काय, आपला जोंधळाही हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेला. या ताटात तूप तेवढे निखालस घरचे.’’

वहिनी क्षणभर स्तब्ध राहिल्या. आम्हांस वाटले, बोलणे अधिक झाले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘असेल. पण ते सारे देवीपुढे ठेवून मग आम्ही तोंडात घातले. कुठून आले हे कोणी विचारले नाही, पण नैवेद्य कोणी चुकविला नाही. हिने वही लिहिली. कधी मला विचारले का, की आई, यातले देवाला काय चालेल?’’

दाराआड सूनबाई उभ्या होत्या. आमची सारी विद्या ज्या गाठीपाशी पोहोचली नव्हती, ती गाठ वहिनींनीच दाखविली. रुसवा परदेशी जिनसांवर नव्हता. घरात नवे आले आणि वडील माणसास विचारले नाही, याचा होता.

द्वादशीस पहाटेच सूनबाईंनी विचारले, ‘‘आई, आज पारण्याला हम्मस करू? हरभरे, तीळ, लिंबू. लसूण घालणार नाही.’’ हम्मस या अरबी शब्दाचा अर्थच मुळी हरभरा. वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘‘आधी नैवेद्य काढ.’’

वरणभात, भाजी, भाकरी आणि कडेला ते हम्मस, असा नैवेद्य झाला. दोन महिन्यांनी घरातली सर्व पाने एका पंक्तीस मांडली गेली. वहिनींनी भाकरीचा तुकडा त्यात बुडवून तोंडात घातला. सर्वांचे डोळे त्यांच्याकडे. बराच वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘हिंग हवा होता.’’

सूनबाईंनी जेवण आटोपताच वही काढून कृतीखाली लिहिले: ‘हिंग, चिमूटभर. आईंच्या सांगण्यावरून.’

अमरकोशात हिंगास बाह्लीक, म्हणजे बल्ख देशचा, असेही नाव दिले आहे. ते सांगण्याचा मोह आम्ही त्या दिवशी कटाक्षाने आवरला.