कृष्णाकांठचें माघस्नान

पौषी पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत सूर्योदयापूर्वीं वाहत्या पाण्यांत स्नान करावें, हा नेम आमच्या बालपणीं सातारकडील पुष्कळ घरांत होता. आतां नळालाच ऊन पाणी येतें, आणि माघस्नान बव्हंशीं पंचांगांत उरलें आहे. पण काळाची गति विचित्र. जें आम्हीं सोडलें, तें तरुण मंडळी परदेशच्या वाटेनें पुन्हां घरीं आणीत आहेत.

गेल्या माघांत आमचा नातू पुण्याहून आला. वसतिगृहांत तो बर्फ टाकलेल्या पिंपांत बसतो, आणि त्यापूर्वीं तीस-चाळीस वेळां भात्याप्रमाणें श्वास घेतो, असें त्यानें मोठ्या अभिमानानें सांगितलें. विम हॉफ नांवाच्या डच गृहस्थानें ही रीत जगभर लोकप्रिय केली आहे. "आजोबा, हा तुमचाच प्राणायाम!" असेंही तो म्हणाला. हें कितपत खरें, तें पाहावें म्हणून आम्हीं त्याच्यासह चार दिवसांचा प्रवास योजिला : प्रथम माहुली, मग औंध आणि शेवटीं सांगलीजवळचें हरिपूर.

साताऱ्याच्या पूर्वेस सुमारें पांच किलोमीटरांवर वेण्णा कृष्णेस मिळते. एका तीरीं क्षेत्र माहुली, दुसऱ्या तीरीं संगम माहुली. न्यायनिष्ठुर रामशास्त्री प्रभुणे यांचें हें गांव. पहाटे आम्ही घाटावर पोंचलों तेव्हां पाण्यावर धुकें होतें आणि दगडी पायऱ्या पावलांस चटका देत होत्या. नातवानें पायरीवर उभें राहून जोरजोरानें श्वास घेण्यास आरंभ केला. तो आतां उडी घेणार, हें ओळखून आम्हीं त्याचें मनगट धरलें, आणि जें घरींही कोणास बोललों नव्हतों, तें त्यास सांगितलें.

आठ वर्षांपूर्वीं, सेवानिवृत्त झालों त्या वर्षीं, याच घाटावर आम्हीं भस्त्रिकेचीं बरींच आवर्तनें करून पाण्यांत बुडी घेतली आणि कुंभक धरून मनांत मंत्र मोजूं लागलों. श्वास घ्यावा अशी इच्छाच होईना. आपली सिद्धि झाली, असें वाटून मनांत गर्व आला. त्यापुढील कांहीं आठवत नाहीं. म्हशी धुण्यास आलेल्या एका गृहस्थानें खांद्याला धरून वर ओढलें आणि आपली घोंगडी अंगावर टाकली, म्हणून आज हें लिहीत आहों.

याचें कारण आम्हांस पुढें कळलें. श्वास घेण्याची हांक देहास मुख्यतः प्राणवायूच्या अभावानें मिळत नाहीं. रक्तांत साठणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळें मिळते. जोरजोरानें श्वास घेतल्यास तो वायु घटतो, हांक लांबते, आणि ती येण्यापूर्वींच शुद्ध हरपूं शकते. शय्येवर असें झालें तर मनुष्य सांवरतो. पाण्यांत झालें तर बुडतो. त्यांत एकदम गार पाण्यांत शिरलें म्हणजे पहिला मिनिट-दोन मिनिटें श्वास आपोआप धापेनें चालतो, हृदयाची गति आणि रक्ताचा दाब वाढतो. आमची आजी घाटावर काय करीत असे? प्रथम पाय, मग गुडघे, मग ओंजळभर पाणी मस्तकीं, मुखानें नद्यांचीं नांवें. नांवें घेण्यांत श्वास सावकाश बाहेर जाई आणि धाप आपोआप आवरे. नातवानें त्या दिवशीं तसेंच स्नान केलें.

तेथून एस.टी.नें खटाव तालुक्यांतील औंधास गेलों. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांची ही राजधानी. त्यांचा नमस्कारांवरील इंग्रजी ग्रंथ 1938 सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. पंडित सातवळेकरांनीं आपलें वेदकार्य अनेक वर्षें याच गांवीं केलें. सायंकाळीं यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशीं बसून आम्हीं नातवास हठप्रदीपिकेंतील एक गोष्ट सांगितली. साधकानें टाळावयाच्या गोष्टींत त्या ग्रंथानें उपवास आणि कायाक्लेश यांसह प्रातःस्नानही घातलें आहे!

"मग पणजी चुकली काय?" त्यानें विचारलें.

आम्ही म्हणालों, "नाहीं रे. प्राणायामाचा नवशिका आणि थंडीचा मारा, हीं दोन ओझीं एकदम नकोत, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतों. म्हणून तर संध्येचा क्रम पाहा : आधीं स्नान, मग कोरडें वस्त्र, मग आसन, आचमन आणि त्यानंतर प्राणायाम. या क्रमांत प्राणायाम पाण्याबाहेरच आहे."

नव्या विद्येचाही येथें विरोध नाहीं. लोणावळ्यास 1924 सालीं स्वामी कुवलयानंदांनीं कैवल्यधाम स्थापून योगक्रिया यंत्रांनीं मोजण्यास आरंभ केला. 2001 सालीं इटलींतील संशोधकांनीं 23 निरोगी माणसांवर प्रयोग करून दाखविलें कीं, माळ जपतां किंवा योगमंत्र म्हणतां श्वास मिनिटास सुमारें सहांवर येतो आणि हृदयाच्या लयीस त्यानें हित होतें. विम हॉफच्या रीतीचीही 2014 सालीं हॉलंडांत परीक्षा झाली. जंतूंपासून काढलेलें द्रव्य टोंचल्यावर, ती रीत शिकलेल्या 12 जणांस न शिकलेल्या 12 जणांहून ज्वरादि त्रास कमी झाला. परंतु त्या वेळीं ते श्वसन बिछान्यावर करीत होते, पाण्यांत नव्हे, हें विसरूं नये.

औंधाहून सांगलीस आलों. तेथून तीन-चार किलोमीटरांवर हरिपूर. येथें वारणा कृष्णेस मिळते आणि संगमेश्वराचें देवालय आहे. 'शारदा' नाटकाचे कर्ते देवल याच गांवचे. सांगलीची हळद येथील जमिनींतल्या पेवांत सांठवीत असत. सांगली जिल्ह्यांत कृष्णेंत मगरींचा वावर आहे, म्हणून स्थानिकांस विचारल्यावांचून कोणीं पाण्यांत उतरूं नये. आम्हीं पायरीवरच तांब्यानें स्नान उरकलें. कोरडीं वस्त्रें नेसून दोघे शेजारीं बसलों. नातवानें घड्याळ लावून आपला श्वास मोजला : आरंभीं मिनिटास चौदा, थोड्या वेळानें सात. "थंडी अजून आहे, पण ती माझ्याशीं भांडत नाहीं," असें तो म्हणाला. सबंध प्रवासांतील हें त्याचें वाक्य आम्हांस सर्वांत आवडलें.

आम्हांस स्वतःला रक्तदाबाची गोळी चालू आहे. वैद्यांच्या सल्ल्यानें आम्ही कोमट पाण्यानें स्नान करून शेवटीं पायांवर एकच तांब्या गार पाणी घेतों. हृदयाचा वा रक्तदाबाचा विकार असेल, त्यानें डॉक्टरांस विचारल्यावांचून याहून पुढें जाऊं नये.

परततांना नातवानें विचारलें, "आजीला सांगितलेंत का हो, आजोबा?" घरीं येऊन आम्हीं तें कबूल केलें. सौभाग्यवती भाजी निवडीत होती. ती मान वर न करतां म्हणाली, "मला तेव्हांच कळलें होतें. त्या दिवशीं तुमच्या अंगाला घोंगडीचा वास येत होता. म्हणून तर तुमची संध्या ऐकूं येईपर्यंत मी न्हाणीघराच्या दाराशीं उभी असतें."