चाल

'चालणे' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाय येतात. मुळातला संस्कृत 'चल्' धातू मात्र पायांपाशी अडून बसत नाही. हलणे, ढळणे, जागा सोडणे, एवढे झाले की त्याचे काम भागते. म्हणून तर मनसुद्धा चळते, आणि स्वयंपाकघरातली चाळणी चालीची सख्खी बहीण निघते. संस्कृतात ती 'चालनी'च आहे. मराठीने हा शब्द किती लांबवर नेला! घोड्याची दुडकी चाल, प्याद्याची चाल, गाण्याची चाल, कुळाच्या चालीरीती, शत्रूवर केलेली चाल. आमच्या नागपुरी बोलीत तर 'चल' म्हणायचे तरी 'चाल ना बे!'

मिहानमध्ये हा शब्द माझ्या मनात सारखा घोळतो. मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर, हे त्याचे पूर्ण नाव. म्हणजे नावातच मालाची आणि विमानांची ये-जा. रस्ते आखले ते चाकांसाठी. लांबच लांब, रुंद, आणि मे महिन्यात सावलीला पारखे. तरी माणसे चालतातच. खापरीला २०१९च्या मार्चमध्ये मेट्रो आली. तिथे उतरून आयटी कंपन्यांकडे निघालेली पोरे झपाझप जातात, नजर मोबाइलमध्ये आणि पाय सवयीने पुढे.

मला सर्वांत देखणी वाटते ती बांधकामावरच्या बायांची चाल. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेले, घमेल्यात ओला माल. कमर हलते, गुडघे लवतात, लुगड्याचा काठ घोट्यावर आपटतो, आणि मान जागची हलत नाही. वर अचल, खाली चल. संस्कृत कवींनी गजगामिनी आणि हंसगामिनी पुष्कळ रंगवल्या. ओझे पेलताना येणारा हा डौल त्यांनी एवढ्या मायेने पाहायला हवा होता.

इथल्याच एम्समध्ये, ११ डिसेंबर २०२२ रोजी ज्याचे लोकार्पण झाले तिथे, चालीला वेगळाच मान आहे. डॉक्टर म्हणतात, "आजी, जरा चालून दाखवा." पावले आखूड पडतात का, पाय जमिनीवर घासतो का, चालताना हात झुलतो की अंगाला चिकटून राहतो, हे ते पाहतात. कंपवातात पावले तोकडी होतात. पक्षाघातानंतर पाय अर्धवर्तुळ काढत पुढे येतो. तपासणीचा कागद हाती येण्याआधी चाल पुष्कळ काही सांगून टाकते.

खेड्यांतून आलेल्या म्हाताऱ्यांची चाल मी मात्र वेगळी वाचतो. जन्म काळ्या मातीत गेलेला. उन्हाळ्यात तिथे पाऊल मावेल एवढ्या भेगा, पावसाळ्यात पाय ओढून धरणारा चिखल. ढेकळांतून चालणारा माणूस पाऊल उंच उचलतो आणि सपाट टेकवतो. दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरही त्यांचे पाय तसेच उचलले जातात.