पॉलिश गेलं म्हणजे काय गेलं?

मामूंनी रिव्हॉल्व्हर घेऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते, आणि नळीच्या तोंडाशी काळा रंग उडून आतलं पांढरं पोलाद दिसायला लागलं होतं. २०२३च्या पावसाळ्याच्या शेवटी मी अम्मीला घेऊन चिपळूणला गेलो होतो. चहा यायच्या आधी मामूंची तक्रार आली.

"मास्तर, दुकानदारानं जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला बघ."

मामू फौजेतून निवृत्त झालेले. आता काजूचा व्यापार करतात. हंगामात रोकड घेऊन गावोगाव फिरावं लागतं, म्हणून त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांची चौकशी, कलेक्टर कचेरीच्या फेऱ्या, सगळं रीतसर करून बत्तीस बोरची ही रिव्हॉल्व्हर घरात आली. घरात हत्यार असावं की नसावं, यावर आमचं एकमत नाही. तो वाद या लेखात आणत नाही.

त्यांनी ती रिकामी करून, चक्र उघडून, पुन्हा पुन्हा तपासून माझ्यासमोर धरली. नळीच्या टोकाच्या कडा घासलेल्या. चक्राच्या कडाही. आणि चक्राभोवती एक बारीक चकचकीत रेघ, जणू कुणी खिळ्यानं ओढली असावी. बाकी सगळी काळीभोर, नवीकोरी.

"नव्या गाडीवर ओरखडा पडला तर तू गप्प बसशील का?" मामूंनी विचारलं. मी गप्पच बसलो, कारण बसलो नसतो.

तेवढ्यात त्यांच्या धाकट्यानं उपाय सांगितला. त्याच्या मित्राचं मोटारसायकलींचे भाग चकाकवून देण्याचं वर्कशॉप होतं. "बफ मारून वरून काळं करून देतो म्हणतो. दोन तासांचं काम आहे." मामूंनी मान हलवली. मला तेव्हा नेमकं काय खटकलं ते सांगता आलं नाही. "आठ दिवस थांबा," एवढंच म्हणालो.

घरी येऊन मी १९५९चा शस्त्र कायदा उघडून बसलो. बीएडला असताना जेवढं मन लावून वाचलं नाही तेवढं वाचलं. कलम ५ सांगतं की बंदुकीची दुरुस्ती हासुद्धा परवान्याचा धंदा आहे. म्हणजे सायलेन्सर चकाकवणाऱ्याकडे ती द्यायचीच नाही. पण माझी झोप उडवली ती कलम ८नं. हत्यारावर ठोकलेला नंबर किंवा खूण पुसणं, काढणं, बदलणं हा गुन्हा आहे. आणि असा नंबर पुसलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच तो पुसला, असं कायदा गृहीत धरतो. मी पुसला नाही हे त्यानं सिद्ध करायचं.

बफच्या चाकाला नंबर आणि ओरखडा यांतला फरक कळत नाही. ते दोन्ही सारखेच घासतं.

आता एक स्पष्ट बोलतो. नंबर पुसट झालेलं हत्यार कुणाच्याही घरात सापडलं तरी वाईटच. पण आमच्या नावाच्या माणसाच्या घरात सापडलं, तर ठाण्यात पहिला प्रश्न काय विचारला जाईल आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय मथळा येईल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. फौजेतली सगळी नोकरी एका बाजूला राहिली असती. मामूंना फोन केला आणि हे असंच सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "बरं झालं थांबवलंस."

पुढच्या आठवड्यात आम्ही ती परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेली. त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. आधी ती रिकामी आहे याची खात्री केली. नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली. घोडा मागे ओढून चक्र बोटांनी हलवून बघितलं, ते जागच्या जागी घट्ट बसतं की डुगडुगतं. प्रत्येक घर नळीच्या बरोबर समोर येतं का, हे सहाही वेळा तपासलं.

मग म्हणाले, "नवीच आहे. चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालता-काढता कडा घासतात. आणि ही रेघ चक्र अडवणाऱ्या खिटीची. तुम्ही घरी बसून चक्र फिरवत असणार."

मामूंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

हा काळा रंग म्हणजे ब्लूइंग. तो वरून फासलेला रंगच नव्हे. पोलाद गरम क्षारांच्या द्रावणात बुडवून त्याच्याच पृष्ठभागाचं काळं ऑक्साइड करतात. तो थर साधारण एक मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ. चामड्यानं घासून तो जाणारच. आणि तो एकटा गंज थोपवतही नाही. तो तेल धरून ठेवतो, खरी राखण तेल करतं.

"मग काळजी नाही?" मामूंनी विचारलं.

कारागिरानं मुठीचे दोन्ही पत्रे काढले आणि रिव्हॉल्व्हर आमच्याकडे वळवली. आत, जिथे रंग शाबूत होता, तिथे लालसर दोन ठिपके होते. "काळजी याची करा."

कोकणातला पावसाळा आणि मामू रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालूनच कपाटात ठेवत होते, रंग जाऊ नये म्हणून! चामडं ओल धरून ठेवतं आणि त्यातली आम्लं आणि क्षार पोलादाला लागतात. हाताच्या घामातलं मीठ मुठीच्या फटीत उतरतं. चकचकीत झालेली कड तेलाच्या फडक्यानं रोज पुसली जात होती, म्हणून ती स्वच्छ होती. जे दिसत नव्हतं ते सडायला लागलं होतं. ठिपके अजून वरवरचेच होते. तेल आणि बारीक तारेच्या लोकरीनं निघाले.

उर्दूच्या तासाला मी मुलांना 'ज़ंग' आणि 'जंग' यांतला फरक शिकवतो. एक 'ज़े'नं लिहितात, तो गंज. दुसरा 'जीम'नं, ती लढाई. फौजेत दुसरा पाहिलेल्या माणसाला पहिल्यानं गाठलं होतं.

अम्मीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती हसली. तिचे वडील, माझे नाना, कल्हईवाले होते. भट्टीवर भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथील फिरवून कापसानं पुसायचं. लहानपणी तिनं भाता ओढलेला. ती म्हणाली, "तांब्याच्या गंजाची कल्हई गेली तर त्यात कढी करायची नसते. आंबटानं तांबं उतरतं, पोटात जातं. तिथे कल्हई म्हणजे जीव. अब्बा भांडं बाहेरून बघायचेच नाहीत, आत हात फिरवायचे. आणि भाई त्यांचाच मुलगा असून बाहेरून बघत बसला."

मला वाटतं, यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. लेप कशासाठी दिला होता, हे आधी विचारायचं. मग तो गेला याचं वाईट वाटून घ्यायचं की नाही, ते ठरतं.

२०२४च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मामूंना हत्यार जमा करण्याची नोटीस आली. रमजान चालू होता. रोज्यात, उन्हातून ते ठाण्यात गेले. हवालदारानं नंबर परवान्याशी ताडून पाहिला, मग पुन्हा एकदा पाहिला, बोटानं चाचपला आणि पावती लिहिली.

ईदला गेलो तेव्हा मामूंनी शीरखुर्म्याआधी ती पावती माझ्या हातात ठेवली. नंबर सुवाच्य अक्षरात. खाली वर्णनात लिहिलं होतं: 'काळा रंग कडांना गेलेला. गंज नाही.'

"शेवटचे दोन शब्द वाच," मामू म्हणाले.