केसभर मोठी

आमच्या घरी एक अडकित्ता होता, त्यानं सुपारी कधी फुटली नाही. पात्यांच्या जागी दोन जाड पितळी जबडे. ते मिटले की मधे गोल पोकळी आणि वर शिसं ओतायला भोक. आबांच्या ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्यांचा तो साचा. देवणीत जुन्या वस्तूचं वय विचारलं की उत्तर उदगीरच्या लढाईपाशी जाऊन थांबतं. आबाही साचा 1760 सालचा, भाऊसाहेबांच्या फौजेतून राहिलेला असं ठोकून द्यायचे. त्यांची बंदूक टोपीची होती आणि टोप्या एकोणिसाव्या शतकात आल्या. साचा तिच्याच जोडीचा असणार. हे मला पुढे कळलं तेव्हा आबा होते, पण मी बोललो नाही.

परवाना मात्र खरोखर जुना होता. पहिली वही उर्दूत, कारण आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात. 1956 नंतरची उस्मानाबादची. लातूर जिल्हा झाला 1982 मध्ये, तेव्हा तिसरी. गाव जागचं हललं नाही, जिल्हेच येऊन गेले. परवाना पीक संरक्षणाचा. जोंधळ्यात आणि हरभऱ्यात रानडुकरं शिरायची, हरणांचे कळप यायचे, आणि आबा माळ्यावरून बार काढायचे. बार झाला की गोठ्यातला शेवरा बैल दाव्याला हिसके देत सुटायचा. देवणी जातीचं जनावर, अंगावर काळे ठिपके, पण काळीज सशाचं.

दुष्काळाच्या साली, 1972 ला, आबांच्या लक्षात आलं की गोळी नळीत खडखडतेय. गंज घासून घासून नळी आतून रुंद झाली होती. बार भरताना दारूवर चिंधीत गुंडाळलेली गोळी ठेवायची आणि गजानं ठासायची. गोळी सैल असली की दारूचा जोर कडेनं निसटतो आणि गोळी मनाला येईल तिकडं जाते. आबांनी आधी चिंधी जाड केली. मग एक दिवस साच्याच्या जबड्यांत वहीचा कागद धरून शिसं ओतलं. निघालेली गोळी अंड्यासारखी लांबट होती आणि तिच्या भोवतीनं शिशाची झालर. कागदानं पोकळी एकाच बाजूनं वाढते, हे त्या दिवशी आम्हा दोघांना एकदमच समजलं.

मग लव्हारमामा. त्यांनी त्याच साच्यात एक गोळी ओतली, ती गरम असतानाच तिच्यात खिळा बसवला आणि गार झाल्यावर तिला करडईचं तेल आणि कुरुंदाची बारीक पूड लावली. ती जबड्यांत धरून खिळ्यानं फिरवायची. दहा फेरे इकडून, दहा तिकडून, मग पुसून बघायचं. दुपारभर ते चाललं होतं. मधेमधे गोळी ओतून आबा ती उलट्या परातीवर सोडत. डगमगत गेली की परत पळीत. संध्याकाळी एक सरळ गेली. आबांना अजून केसभर हवी होती. मामांनी साचा खाली ठेवला. म्हणाले, "आता बास करा, पाटील. काडलेलं परत घालता येत न्हाई."

केसभर म्हणजे किती, याचा हिशेब मी पुष्कळ वर्षांनी केला. सोळा मिलीमीटरची शिशाची गोळी दोन तोळ्यांहून थोडी जास्त भरते. तिची जाडी अर्धा मिलीमीटरनं वाढवली की वजन अडीच माशांच्या आसपास वाढतं, म्हणजे जवळजवळ दहा टक्के. डोळ्यांना फरक दिसत नाही, खांद्याला कळतो. बारा बोअर, सोळा बोअर ही नावंही त्याच हिशेबातली: एक पौंड शिशात त्या नळीच्या मापाच्या जितक्या गोळ्या बसतील तो आकडा. म्हणून आकडा मोठा तशी नळी बारीक. आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग आपली किती बोअर?" मी म्हणालो, अठरा-एकोणीस. ते दोन दिवस खूश होते.

शिसं ओतायचं काम हळूहळू माझ्याकडं आलं. साचा आधी तापवायचा, नाहीतर गोळीवर म्हाताऱ्याच्या गालासारख्या सुरकुत्या पडतात. पोकळीला दिव्याची काजळी धरायची म्हणजे गोळी सुटून येते, पण काजळी जास्त झाली तर गोळी तेवढी बारीक. वरचा देठ कापून परत पळीत टाकायचा. एका पावसाळ्यात पत्र्यातून पाण्याचा थेंब पळीत पडला आणि शिसं ताडकन उडालं. त्याचा डाग उजव्या पायावर अजून आहे. त्या हातांनीच आम्ही भाकरी खायचो. शिशाचं विष अंगात भिनतं हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी आबांनी ऐकलं नसतं.

मॅट्रिकनंतर मी उदगीरला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. झिजलेले, कान तुटलेले खिळे मालक भंगारात काढायचे. एका शनिवारी शेरभर गावी आणले. पळीत काने, वेलांट्या, उलटे ळ आणि क्ष मिनिटाभरात पाणी झाले. गोळी निघाली ती साच्यातून सुटेना. आबांनी बोटांत फिरवली, नळीच्या तोंडाशी धरली आणि काहीच बोलले नाहीत. ज्या केसभरासाठी लव्हारमामांनी हात आखडला होता, तो केस या गोळीत भरला होता.

कारण साधं आहे. निव्वळ शिसं गार होताना बरंच आकसतं, म्हणून गोळी नेहमी साच्याहून थोडी लहान निघते. खिळ्यांच्या धातूत अँटिमनी आणि कथील असतं. तो कमी आकसतो, कानाकोपरा भरतो. अक्षर स्वच्छ उठावं म्हणूनच तो तसा केलेला. साच्याला हात न लावता गोळी वाढली. गंमत म्हणजे सोनाराच्या तराजूत ती जुन्या गोळीहून हलकी भरली, कारण अँटिमनी आणि कथील शिशापेक्षा हलकं. आबांना हे काही केल्या पटेना. त्यांनी सोनाराशीच भांडण काढलं.

एवढं करून आबांनी मारलं काय? 1972 च्याच कायद्यानं रानातल्या जनावरांना संरक्षण मिळालं होतं, काळविटाला तर सगळ्यात कडक. त्याआधीही आबांच्या हातून जनावर पडल्याचं मला आठवत नाही. ते बांधावरच्या वाळक्या बाभळीच्या बुंध्यावर गोळी झाडायचे आणि दुसऱ्या दिवशी मला शिसं उकरून आणायला पाठवायचे. जनावरं पळायची ती आवाजानं, आणि आवाजाला गोळी लागतच नाही. आजी चुलीपाशी म्हणायची, "डुक्कर काय गोळीचं माप बगून पळतंय व्हय?" आबा तेवढ्यापुरते बहिरे व्हायचे.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा व्हायची. आबा गेले त्या वर्षी ती अशीच जमा होती, नंतर आम्ही सोडवून आणली नाही. साचा एका भोयानं नेला, त्यात तार धरून जाळ्याची शिसं पाडायला. मांजरेच्या पाण्यात त्यातली किती गेली असतील देव जाणे. साचा काही परत आला नाही. छापखान्यात ऑफसेट आलं, खिळे किलोवर विकले गेले, मी लातूरला आलो.

खिळ्यांच्या सहा गोळ्या तेवढ्या तपकिरीच्या डबीत राहिल्या होत्या. इंजिनिअरिंगला असलेल्या नातवानं परवा त्यातली एक आकड्यांच्या व्हर्निअरमध्ये धरली. एका बाजूनं 16.52, फिरवून धरली तर 16.38.

"आजोबा, ही गोल नाहीच."

मी स्वयंपाकघरातून परात आणायला सांगितलं. परातीला आता काठ नुसता नावाला असतो, उलटी ठेवली तरी डुगडुगते. शेवटी फरशीवरच सोडली. गोळी सरळ गेली, खुर्चीच्या पायांमधून, आणि लोखंडी कपाटाखाली शिरली. कपाट दोघांनाही हललं नाही.