साज म्हणजे साग

आई-वडील परदेशात आपल्याकडे राहायला येणार म्हटलं की आपण आधी यादी करायला बसतो. मीही केली होती. जानेवारी २०२३ मध्ये अम्मी आणि अब्बा फॅमिली व्हिजिटवर जेद्दाला आले, तेव्हा माझ्या फ्रिजच्या दारावर तीन आठवड्यांचा कागद चिकटवलेला होता. पहिल्या आठवड्यात उमरा आणि मक्केतल्या जियारती, दुसऱ्यात मदीना, तिसऱ्यात जेद्दा शहर. कोणत्या दिवशी काय बघायचं आणि कुठे जेवायचं, सगळं लिहिलेलं. शाळेत वेळापत्रक करायची सवय, दुसरं काय!

यांच्या नोकरीमुळे आम्ही आठ वर्षं तिथे होतो. मी एका भारतीय शाळेत उर्दू शिकवत होते. माहेर पांढरकवड्याचं. अब्बांनी आयुष्यभर आरामशीनवर काम केलं. आमचा यवतमाळ जिल्हा सागाचा. घरात कापूस येण्याआधी भुसा यायचा, असं अम्मी म्हणते. अब्बांच्या कपड्यांना, केसांना, रुमालाला सागाचा वास असायचा. मी चौथीत असताना मशीनच्या पात्यात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दोन महिने घरी बसले आणि पुन्हा कामावर गेले. त्याच पैशांतून मी बीए केलं, बीएड केलं.

आज एक गोष्ट कबूल करते. हायस्कुलात असताना पालकसभेची चिठ्ठी मी नेहमी अम्मीच्या हातात द्यायची. अब्बांचा तो हात मैत्रिणींनी बघू नये असं मला वाटायचं. अब्बांना हे कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

उमरा छान झाला, अल्हमदुलिल्लाह. जेद्दाहून मक्का साधारण ऐंशी किलोमीटर. हरमैन रेल्वेनं तासाभराच्या आत पोचलो. काबा नजरेस पडला तेव्हा अब्बा काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. अराफातच्या मैदानात अम्मीनं कडुलिंबाची झाडं पाहिली आणि गाडी थांबवायला लावली. तिथे हजारो कडुलिंब लावलेले आहेत. अम्मी सावलीत बसली आणि म्हणाली, “हे तर आपल्या अंगणातलंच झाड आहे गं.”

अडचण तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. मी दोघांना समुद्रकिनारी नेलं, अडीचशे मीटरपेक्षा उंच उडणारं किंग फहद कारंजं दाखवलं, पाण्यावर उभी असलेली अर-रहमा मशीद दाखवली. अब्बा प्रत्येक ठिकाणी “माशाअल्लाह” म्हणायचे आणि थोड्या वेळानं विचारायचे, “बेटा, इथली जुनी घरं कुठे आहेत?” मी म्हणायची, “दाखवते ना, शेवटच्या दिवशी.” माझ्या कागदावर जुनं शहर अगदी खाली होतं. तिथे पायी चालावं लागतं, म्हाताऱ्या माणसांना त्रास होईल, असा माझा हिशेब.

चौथ्या दिवशी मी त्यांना एका मोठ्या मॉलमध्ये नेलं. सरकत्या जिन्याजवळ अब्बा घाबरले, मागच्या लोकांची रांग खोळंबली. वर गेल्यावर ते एका बाकावर बसले आणि पुन्हा म्हणाले, “ती जुनी घरं...” माझा तोल गेला. “अब्बा, शाळेतून सुट्टी काढून, इतका खर्च करून मी तुम्हाला फिरवतेय, आणि तुम्हाला काहीच आवडत नाही!” बाजूचे लोक वळून बघू लागले. अब्बांनी उजवा हात कुडत्याच्या खिशात घातला. लोकांत अवघडले की ते असंच करतात.

आई-वडिलांशी नरमाईनं बोला, असं मी वीस वर्षं वर्गात शिकवत आलेय. परीक्षेत त्यावर प्रश्नही काढलेत.

दोन दिवस अब्बा घराबाहेर पडले नाहीत. पाय दुखतात म्हणाले. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात अम्मी मला हळूच म्हणाली, “तू त्यांना इतकं दाखवलंस. काय बघायचंय ते एकदा विचारलंस का?”

खरंच विचारलं नव्हतं. इशाच्या नमाजनंतर मी अब्बांजवळ बसले, आधी माफी मागितली, मग विचारलं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

अब्बांचे दादा १९५५ साली हजला गेले होते. पांढरकवड्याहून मोटारीनं यवतमाळ, तिथून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर. ही शकुंतला तेव्हा त्या रुळांवर धावत होती. मूर्तिजापूरहून मोठ्या गाडीनं मुंबई, तिथे साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, आणि मग आठ-दहा दिवस बोटीनं जेद्दा. परत आल्यावर दादा सांगायचे की बोटीतून उतरलो तर समोर चार-चार मजल्यांची पांढरी घरं, आणि त्यांच्या भिंतींना लाकडाचे मोठमोठे पिंजरे लटकवलेले. ते लाकूड म्हणे आपलं, सागाचं! लोक हसायचे. वाळवंटात साग कुठला? मोठे अब्बा थापा मारतात, म्हणायचे. अब्बा तेव्हा सात वर्षांचे होते. पुढे लाकडातच त्यांची जिंदगी गेली, पण दादा खरं बोलत होते की नाही हे कळायचं राहून गेलं होतं. “एकदा हात लावून बघायचं होतं,” अब्बा म्हणाले. “बस्, इतकंच.”

दुसऱ्या दिवशी असरनंतर मी दोघांना अल-बलदला नेलं. जेद्दाच्या जुन्या शहराला हेच नाव आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी हिजरी २६ मध्ये, म्हणजे इ.स. ६४७ च्या सुमारास, जेद्दाला मक्केचं बंदर ठरवलं. तेव्हापासून समुद्रमार्गे येणारे हाजी याच शहरातून पुढे जात. भोवतीची तटबंदी १९४७ मध्ये पाडली गेली, आतली शेकडो वर्षांची वस्ती मात्र राहिली. २०१४ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती ‘मक्केचं प्रवेशद्वार’ म्हणूनच.

आम्ही सूक अल-अलवीतून चाललो. बंदराकडून पूर्वेला बाब मक्काकडे जाणारी ही हाजींची जुनी वाट. दादाही इथूनच गेले असतील. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना उंच घरं. भिंती तांबड्या समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडाच्या. हा दगड हलका आणि सच्छिद्र, म्हणून ठरावीक उंचीवर भिंतीत आडव्या लाकडी तुळया घालतात, म्हणजे भार सगळीकडे सारखा वाटला जातो. आणि दादांचे ‘पिंजरे’ म्हणजे रोशन. भिंतीच्या बाहेर आलेली, जाळीदार लाकडाची बंद सज्जासारखी खिडकी. समुद्राचा वारा त्यातून आत येतो, घरातल्या बायकांना रस्ता दिसतो, रस्त्यावरच्यांना आतलं दिसत नाही.

अब्बा वर बघत चालत होते. त्यांचे पाय दुखत नव्हते.

एका घराची दुरुस्ती चालू होती. दारासमोर सुतारकामाचं टेबल मांडलेलं, त्यावर रोशनची एक चौकट, आणि एक इजिप्शियन सुतार तिला रंधा मारत होता. अब्बा थेट त्याच्याजवळ गेले. मी “अब्बा, त्यांना काम करू द्या” म्हणणार होते, पण मॉल आठवला आणि गप्प राहिले. भिंतीला टेकवून ठेवलेली एक जुनी फळी होती, उन्हानं राखाडी पडलेली. अब्बांनी ती नखानं खरवडली. आतून मधासारखा रंग निघाला. त्यांनी ती नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

“साग,” ते म्हणाले.

सुतारानं मान वर केली. “साज?”

“साग, साग.”

“ऐवा, साज!” सुतार हसला. अरबीत सागाला साजच म्हणतात. शब्दसुद्धा लाकडासारखाच आपल्याकडून तिकडे गेलेला. हाताखाली काम करणाऱ्या पाकिस्तानी मुलाला उर्दू येत होतं, तो दुभाष्या झाला. त्यानं सांगितलं की जुनं लाकूड जहाजांतून हिंदुस्थान आणि जावाकडून यायचं, इथे असं झाडच नाही. ते लाकूड आमच्या यवतमाळचं असेल असं मी म्हणणार नाही. हिंदुस्थानातून अरबस्तानात साग जायचा तो मुख्यतः मलबार किनाऱ्यावरचा. पण दादा खरं बोलले होते.

अब्बांनी मग टेबलावरची नवी फळी बघितली. तिच्या रेषांवर बोट फिरवलं आणि त्या मुलाला म्हणाले, “उस्तादला सांग, हे लागवडीचं लाकूड आहे. लवकर वाढलंय, म्हणून रेषा लांब लांब आहेत. त्या जुन्या फळीत बघ, किती जवळ जवळ आहेत. ते झाड जंगलात सावकाश वाढलेलं.” सुतारानं दोन्ही फळ्या शेजारी धरल्या आणि मान डोलावली. मग त्यानं अब्बांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. माझा जीव खाली-वर झाला. त्यानं आपला डावा हात पुढे केला. तर्जनीचं टोक नव्हतं. दोघांनी एकमेकांचे हात बघितले आणि दोघेही मोठ्यानं हसले. त्यानं अब्बांना काय म्हणून हाक मारली माहीत आहे? “या मुअल्लिम.” अरबीत मुअल्लिम म्हणजे शिक्षक, आणि आपल्या कामात मुरलेल्या कारागिरालाही तिकडे तीच हाक मारतात. बीएड होऊन जो शब्द मी कमावला, तो माझ्यासमोर माझ्या वडिलांना मिळाला.

त्यानं रंधा अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तीन बोटं आणि तळव्याच्या जोरावर तो फळीवरून एकदा चालवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच अखंड साल निघाली. मी ते काम त्यांना करताना आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. आरामशीनवर मी कधी गेलेच नव्हते.

पुढे बैत नसीफपर्यंत गेलो. १८७२ ते १८८१ या काळात बांधलेलं हे भव्य घर. १९२५ मध्ये जेद्दा ताब्यात आल्यावर बादशाह अब्दुलअजीज इथेच राहिले होते. दारासमोर एक जुनं झाड आहे. एकेकाळी सगळ्या जेद्दात हेच एक झाड अशी त्याची ख्याती, म्हणून या घराला झाडाचं घरही म्हणत. झाड कशाचं? कडुलिंबाचं. अम्मी तिथे बसली ती मगरिबच्या अजानपर्यंत उठली नाही. अब्बा शेजारी बसून तिला दादांची बोट, मुसाफिरखाना, सगळं पुन्हा सांगत होते. यादीतल्या उरलेल्या जागा आम्ही बघितल्याच नाहीत.

२०२४ मध्ये आम्ही कायमचे परत आलो. आता मी जिल्ह्यातल्याच एका शाळेत शिकवते. ती रंध्याची साल अब्बांनी घडी करून रुमालात आणली होती. दादांना थापाडे म्हणणाऱ्यांपैकी आता कुणी उरलेलं नाही, तरी घरी पाहुणा आला की अब्बा रुमाल उघडतात.

ज्या भगिनींची मुलं परदेशात आहेत, आणि ज्या स्वतः तिकडे राहून आई-वडिलांना बोलावणार आहेत, त्यांना एवढंच सांगायचंय. तिकीट काढा, दुर्बिणीसकट सगळी तयारी करा, पण यादी करण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि तुम्हाला काय बघायचंय ते विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. माझ्या अब्बांना तर मी रागावल्यानंतरच सांगता आलं, याची लाज मला अजून वाटते.

यंदा आमच्या शाळेत मुलांना कारागिरांची ओळख करून द्यायची होती. मी मुख्याध्यापकांना अब्बांचं नाव सुचवलं आणि चिठ्ठी लिहून स्वतःच्या हातानं त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग विचारलं, “कोणता हात दाखवू मुलांना?”

“उजवा,” मी म्हटलं.